खाल्लेल्या ताटाचा भाव: पार्सल, घरचा स्वयंपाक आणि सुपरमार्केटच्या ऑफर यांचा एकत्र हिशेब

रात्रीचे साडेआठ वाजलेत. फ्रीज भरलेला आहे. खालच्या कप्प्यात कोबी आणि गाजरं, वर दूध, अंडी आणि परवा ऑफरमध्ये उचललेलं चीज. आणि आपण एका हाताने फ्रीजचं दार धरून दुसऱ्या हातातल्या फोनवरून पार्सल मागवतोय.

खाण्याचं बजेट कोसळतं ते इथे. काटकसरीचे बहुतेक सल्ले मात्र दुकानापासून सुरू होतात आणि 'बाहेरचं बंद करा' इथे येऊन थांबतात. मी तेही करून पाहिलं. दहा दिवस नेटाने घरचं खाल्लं आणि अकराव्या दिवशी दमून इतकं काही मागवलं की दहा दिवसांची बचत एका पिशवीत मावली. तेव्हापासून पाकिटावरच्या किमतीपेक्षा खाल्लेल्या ताटाचा भाव बघायची सवय लावून घेतली. जे पोटात गेलं तेच मोजायचं. जे सडलं, शिळं झालं, आवडलं नाही म्हणून टाकलं, त्याचा खर्च उरलेल्या ताटांवर चढवायचा. असा हिशेब मांडला की काही 'स्वस्त' गोष्टी भलत्याच महाग निघतात, आणि एखादं पार्सल चक्क परवडतं.

१. पंधरा दिवस काहीही बदलू नका, नुसतं लिहा

वहीचं एक पान फ्रीजवर चिकटवा आणि तीन रकाने पाडा: कच्चं सामान, आयतं खाणं, टाकलेलं. आयत्यात पार्सल आलं, हॉटेल आलं, कामावरून येताना घेतलेली कॉफी आली आणि बिस्किटांचा पुडाही आला. या पंधरा दिवसांत सवयी बदलायच्या नाहीत. कागदावर शहाणं दिसायला गेलात तर हिशेब खोटा येईल.

तिसरा रकाना भरताना लाज वाटते, पण डोळे उघडतात ते त्यानेच. माझ्या पहिल्या पंधरवड्यात त्यात होतं: अर्धा कोबी, पावाच्या शेवटच्या चार चकत्या, दोन वेळचा भात, चिकट झालेली पालकाची जुडी आणि 'एकदा चव बघू' म्हणून आणलेला सॉस, ज्याची चव खरोखर एकदाच बघितली होती. हे काही माझ्या एकट्याच्या घरचं चित्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं साधारण ६० टक्के दुकानांत किंवा हॉटेलांत वाया गेलं नव्हतं, आपल्यासारख्यांच्या घरांत गेलं होतं. माणशी वर्षाला सुमारे ७९ किलो.

आता भागाकार करा. जुडीतली अर्धी भाजी टाकली तर खाल्लेल्या भाजीचा भाव दुप्पट झाला. एक तृतीयांश टाकली तर दीडपट. म्हणजे 'एकावर एक फ्री'मधलं दुसरं पाकीट कचऱ्यात गेलं की सगळी ऑफरच गेली.

आयत्याच्या रकान्यात वारही लिहायला विसरू नका. मला वाटायचं, माझी पार्सलं शनिवार-रविवारची, मजेची आहेत. कागदावर निघाली मंगळवार-बुधवारची. चैन वगैरे काही नव्हती, निव्वळ दमणूक होती. पुढचं सगळं नियोजन मी त्या दोन संध्याकाळींभोवती केलं. तुमचे वार वेगळे असतील, पण ते बहुतेक ठरलेले निघतील.

२. कोठीत थोडंच, पण हमखास संपणारं

कोठीत काय काय असावं याच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. त्या बघून एका दिवसात भरलेली कोठी हाच एक मोठा खर्च असतो. माझ्या कसोट्या दोनच: ही वस्तू तीन-चार आठवडे टिकते का, आणि तिचे निदान तीन वेगवेगळे पदार्थ घरात आवडीने खाल्ले जातात का? दोन्हींना 'हो' असेल तरच तिला कोठीत कायमची जागा. माझ्याकडे या चाळणीतून तांदूळ, मसूर, हरभरे, ओट्स, बटाटे, कांदे, सीलबंद डब्यातले टोमॅटो, फ्रीझरमधले मटार आणि अंडी एवढंच उरलं. अंडी फ्रीजमध्ये तीन आठवडे आरामात टिकतात.

कोरड्या धान्याची किंमत किलोवर बघून बिचकू नका. तांदूळ शिजल्यावर वजनाने अडीच ते तीन पट भरतो, डाळी-कडधान्यं दुप्पट ते अडीच पट. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२ ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात, एका मोठ्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. प्रथिनांसाठी रोज मांस किंवा महागडी पावडर लागते असं नाही. प्रथिनं अमिनो आम्लं नावाच्या घटकांची बनतात. धान्यात त्यातलं लायसिन कमी असतं, डाळीत मेथिओनिन कमी असतं. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

राजमा घेणार असाल तर एक इशारा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. थोडे दाणे खाल्ले तरी उलट्या होऊ शकतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात खळखळून उकळा आणि पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो थेट टाकू नका, कारण तिथलं तापमान हे विष मोडण्याइतकं चढेलच असं नाही. सीलबंद डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, त्याला ही भीती नाही. डब्यातली कडधान्यं मात्र पाण्याखाली धुऊन घ्या, बरंचसं मीठ निघून जातं.

गोठवलेल्या भाज्यांबद्दल उगाच नाक मुरडलं जातं. मटार, पालक, मका तोडणीनंतर लवकरच उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. भाजी खराब करणारी विकरं (एन्झाइम) त्याने थंडावतात आणि जीवनसत्त्वं बऱ्यापैकी टिकतात. चार दिवस फ्रीजमध्ये मलूल झालेल्या 'ताज्या' पालकापेक्षा गोठवलेला पालक पुष्कळदा सरस असतो, आणि मूठभर काढून बाकीचा परत ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. यात बटाटा धरत नाहीत. कमी पैशात हा आकडा गाठायचा तर फ्रीझर, कोबी, गाजर आणि हंगामातलं फळ एवढ्यावर भागतं.

३. चार रात्री ठरवा, सातही नकोत

सात दिवसांचा मेनू कागदावर देखणा दिसतो आणि बुधवारी मोडतो. मोडला की त्यासाठी आणलेलं सामान अनाथ होतं. मी चारच रात्री ठरवतो. उरलेल्या तिनांपैकी एक उरलंसुरलं संपवायची, एक दहा मिनिटांच्या जेवणाची आणि एक पार्सलची.

यादी करायची ती फ्रीजसमोर उभं राहून. आधी 'काय संपवायचं आहे' ते लिहा, मग त्याला काय जोडलं की जेवण होईल ते. निघण्याआधी फ्रीजच्या आतला एक फोटो काढून घ्या. दुकानात उभं राहून 'मोहरीचा सॉस आहे का घरी?' हा प्रश्न पडतो, आणि शंका आली की आपण नेहमी घेऊनच टाकतो. माझ्याकडे एकेकाळी तसल्या तीन बाटल्या होत्या.

यादीतल्या नाशवंत वस्तूंना दोन-दोन कामं द्या. सोमवारी अर्धा कोबी लागणार असेल तर उरलेला अर्धा कोणत्या दिवशी, कशात जाणार ते आत्ताच लिहा. दुसरं काम सुचत नसेल तर कोबी घेऊ नका, किंवा सोमवारचा पदार्थ बदला.

४. सुपरमार्केटमध्ये

गिऱ्हाईकाने स्वतः फिरून माल उचलायचा ही पद्धत शंभरेक वर्षांचीच आहे. १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसाने अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये 'पिग्ली विग्ली' नावाचं असं दुकान काढलं. तोवर यादी काउंटरवर द्यायची आणि दुकानातली माणसं माल काढून देत. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमनच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणून त्याने चाकांची ढकलगाडी आणली. याचा उलटा उपयोग आपल्याला करता येतो. आठवड्याच्या मधल्या खेपेला ढकलगाडी घेऊच नका. हात दुखायला लागला की यादी संपली असं समजा.

मांडणीही अशीच विचार करून केलेली असते. रोज लागणारं दूध पुष्कळदा सगळ्यात आत, म्हणजे तिथवर जाताना बाकीचं दुकान नजरेखालून जातं. डोळ्यांच्या उंचीवर दुकानाला ज्यातून जास्त फायदा तो माल, आणि स्वस्त मोठी पाकिटं पायाशी. रांगांच्या टोकाला रचलेले ढीग ऑफरसारखे दिसतात, पण त्यावर नेहमी सूट असतेच असं नाही.

आता एकक-किंमत. फळीवरच्या चिठ्ठीत मोठ्या अक्षरात पाकिटाची किंमत असते, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या खाली बारीक अक्षरात १०० ग्रॅमचा किंवा किलोचा भाव. आपण बघायचं ते बारीक. परवा मी ओट्सच्या फळीसमोर उकिडवा बसलो होतो. वर ४०० ग्रॅमचं देखणं पाकीट, खाली १ किलोची पिशवी, आणि मध्ये ७५० ग्रॅमचा डबा, ज्यावर 'सुपर सेव्हर' असं लिहिलेलं. बारीक अक्षरात बघितलं तर सुपर सेव्हरच सगळ्यात महाग! एक चिठ्ठी १०० ग्रॅमवर आणि शेजारची किलोवर असते, तेवढं मात्र जपा. चिठ्ठी नसेल तर फोनवर किंमत भागिले ग्रॅम गुणिले १०० करा, दहा सेकंद लागतात. पाकीट त्याच किमतीत हळूच बारीक होण्याचे प्रकारही यातूनच पकडले जातात. ५०० ग्रॅमचं ४५० झालं आणि किंमत तीच राहिली, तर भाव ११ टक्क्यांनी वाढला.

ऑफरची गणितं एकदा पाठ करून टाका. 'एकावर एक फ्री' म्हणजे ५० टक्के सूट. 'दोनवर एक फ्री' म्हणजे ३३ टक्के. 'दुसऱ्यावर ५० टक्के' ऐकायला भारी, प्रत्यक्षात २५ टक्के. 'पाकिटात २५ टक्के जास्त' म्हणजे २० टक्के सूट, २५ नव्हे. पण हे सगळे आकडे दुसरं पाकीट संपणार असेल तरच खरे. टिकाऊ आणि नेहमीचं असेल, म्हणजे तेल, तांदूळ, साबण, तर दोन्ही पाकिटं घ्या. दही, सॅलडची पानं, मऊ फळं असतील तर एक घ्या आणि पुढे चला. काही दुकानांत 'कोणतेही तीन घ्या' लिहिलेलं असलं तरी एकावरही तोच दर लागू असतो. चिठ्ठी नीट वाचा, नाहीतर विचारा.

खोडलेली जुनी किंमत खरी की खोटी हे ओळखायला वहीच्या शेवटच्या पानावर नेहमीच्या पंधरा वस्तूंचे एकक-भाव लिहून ठेवा. दोन महिन्यांत कळतं की कॉफी दर काही आठवड्यांनी उतरते आणि तांदूळ जवळजवळ कधीच नाही. मग कॉफीची वाट बघायची, तांदळाची नाही.

शेंगा, सालं, हाडं यांचा हिशेब वेगळा ठेवा. मी एकदा किलोभर मटाराच्या शेंगा सोलून दाणे वजनाच्या काट्यावर ठेवले. ४०० ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे शेंगांचा भाव जवळजवळ अडीचने गुणायचा आणि मग गोठवलेल्या दाण्यांशी तुलना करायची. (सोलताना तोंडात गेलेले धरलेले नाहीत.) अख्खी कोंबडी आणि नुसते तुकडे यांचंही असंच. अख्खी किलोमागे स्वस्त, पण हाडं धरून. त्या हाडांचा रस्सा किंवा सूप करणार असाल तर ती हाडं फुकट गेली नाहीत. करणार नसाल तर तुकडे परवडतील.

तारखांबद्दल घोळ फार. 'या तारखेपर्यंत वापरा' ही सुरक्षिततेची तारीख आहे. मांस, मासे, तयार जेवणं यांच्यावर ती असते आणि ती ओलांडायची नाही, वास चांगला येत असला तरी. 'या तारखेपूर्वी उत्तम' ही दर्जाची तारीख. ती उलटलेलं बिस्कीट थोडं मऊ लागेल, पास्ता तर कळणारही नाही. पाकीट किंवा सीलबंद डबा फुगलेला असेल तर मात्र तारीख न बघता टाकून द्या.

तारीख जवळ आलेल्या मालावर सवलतीची चिठ्ठी चिकटवायची बहुतेक दुकानांची वेळ ठरलेली असते. ती तिथे काम करणाऱ्यांना सरळ विचारा, बहुतेकजण सांगतात. असा माल उचलताना स्वतःला एकच प्रश्न: आज रात्री खाणार की आज रात्री गोठवणार? 'बघू' हे उत्तर असेल तर परत ठेवा.

दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडबद्दल थोडक्यात. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. दोन पाकिटं उलटून पहिले चार घटक जुळतात का बघा. साखर, मीठ, तांदूळ, पीठ, डब्यातले टोमॅटो यांत मी डोळे मिटून स्वस्तातलं घेतो. कॉफीत नाही. प्रत्येकाला एखादं व्यसन माफ असावं.

५. पदार्थ शिजवण्यापेक्षा पाया शिजवा

रविवारी दुपारी आठवड्याचे सगळे डबे भरून ठेवायची पद्धत मला जमली नाही. गुरुवारी तेच हरभरे, त्याच चवीचे, चौथ्यांदा समोर आले की हात फोनकडे जातो. त्यापेक्षा चव न लावलेला पाया करून ठेवा: एक शिजवलेलं कडधान्य, एक धान्य, आणि परतलेल्या कांदा-टोमॅटोची वाटीभर घट्ट चटणी. त्याच हरभऱ्यांचा एके दिवशी रस्सा, दुसऱ्या दिवशी लिंबू-कांदा घालून सॅलड, तिसऱ्या दिवशी अर्धे कुस्करून घट्ट सूप. मीठ सोडलं तर बाकी चव त्या त्या दिवशीची.

नवे पदार्थ करायला हरकत नाही. फक्त घटकांची यादी आधी वाचा. एकदाच लागणारे पाच मसाले आणि दोन सॉस विकत घ्यावे लागत असतील तर ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एका वेळी एकच नवी बाटली घरात यावी, आणि ती संपल्यावर पुढची.

इंधनही ताटाच्या भावात येतं. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, म्हणून कडधान्य एरवीच्या थोड्याशाच वेळात होतं. साध्या पातेल्यात शिजवत असाल तर झाकण ठेवा आणि उकळी आली की आच कमी करा. जोरात उकळणारं पाणी मंद उकळणाऱ्यापेक्षा जास्त गरम नसतं, ते नुसतं लवकर आटतं.

साठवणीचे नियम पाळलेच पाहिजेत. आजारपणाइतकं महाग ताट दुसरं नाही. जंतू ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. फ्रीज ५ अंशांच्या खाली आणि फ्रीझर उणे १८ अंशांना असावा. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत वाटून ठेवा. बहुतेक शिजवलेले पदार्थ फ्रीजमध्ये तीन-चार दिवस चालतात. पुन्हा गरम करताना वाफाळेपर्यंत करा, आणि लागेल तेवढंच काढून एकदाच करा.

भाताला वेगळी वागणूक. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची उष्णता सोसणारी झोपलेली रूपं, शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात ओट्यावर रात्रभर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात परातीत पसरून शक्यतो तासाभरात थंड करा, लगेच फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर गोठवा.

गोठवण्यासाठी पिशवीत भरून, हवा काढून, वहीसारखं सपाट करून ठेवा. सपाट पिशवी लवकर गोठते, लवकर वितळते आणि जागा कमी घेते. वर नाव आणि तारीख. नाव न लिहिलेली प्रत्येक पिशवी दोन आठवड्यांनी एकाच तपकिरी रंगाची दिसते. पावही गोठवा, चकत्या करून. गोठलेली चकती थेट टोस्टरमध्ये जाते आणि तिसऱ्या रकान्यातल्या त्या 'शेवटच्या चार चकत्या' संपतात.

६. दहा मिनिटांचं जेवण फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा

साडेआठच्या त्या क्षणाशी झुंजायला निर्धार कामाचा नाही, कारण तोही दमलेला असतो. तेव्हा विचार करावा लागू नये एवढी सोय हवी. माझ्या फ्रीजच्या दारावर तीन ओळी आहेत. पहिली अशी: कालचा भात, दोन अंडी, मूठभर मटार, चिरलेला कोबी.

कढई चांगली तापू द्या, तेल घाला. कोबी आधी, दोन मिनिटं, कडा तपकिरी व्हायला लागेपर्यंत. मटार गोठलेलेच टाका. सगळं एका बाजूला सारून मोकळ्या जागेत अंडी फोडा, अर्धवट जमली की ढवळा. मग थंड भात हाताने मोकळा करत घाला आणि कडक वाफ येईपर्यंत मोठ्या आचेवर परता. मीठ, मिरी, असेल तर सोया सॉस. ताजा भात इथे चिकट होतो, थंड भाताचे दाणे सुटे राहतात. म्हणजे उरलेला भात ही अडचण न राहता या पदार्थाची गरजच होते. घड्याळ लावून बघितलं, नऊ मिनिटं. पार्सल यायला चाळीस लागतात.

बाकीच्या दोन ओळी तुमच्या आवडीच्या. अट एवढीच की सगळे घटक कोठीतले आणि फ्रीझरमधले हवेत, खास आणावं लागेल असं काही नको.

७. पार्सल आणा, पण अख्खं ताट आणू नका

हॉटेलच्या बिलात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही घरी जमत नाहीत: खूप वेळ भाजलेलं, भट्टीतलं, खोल तळलेलं, वीस घटकांचं. त्यांचे पैसे द्यायला काहीच हरकत नाही. बाकीच्या म्हणजे भात, पाव, सॅलड, पाणी, थंड पेय. या गोष्टी हॉटेलला अगदी स्वस्तात पडतात आणि आपल्याला पूर्ण भावाने. म्हणून मुख्य पदार्थ एकच मागवा आणि बाकी ताट घरचं. पार्सल आणायला निघायच्या आधी भात लावा, काकडी-गाजर चिरा. हॉटेलची एक वाटी तेला-मिठाने इतकी भरलेली असते की तिच्यात गोठवलेला पालक किंवा शिजवलेले हरभरे घालून एक उकळी काढली तरी चव उतरत नाही. एका माणसाचा पदार्थ दोघांना पुरतो आणि माणशी मीठही कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, बाहेरच्या एका जेवणात ती संपू शकते.

अॅपवर मागवताना बिल शेवटपर्यंत उघडून वाचा. पुष्कळदा अॅपवरचे दर मुळात हॉटेलच्या दरपत्रकापेक्षा चढे असतात. त्यावर पोहोचवण्याचा आकार, सेवेचा आकार, पॅकिंग, लहान ऑर्डरचा दंड. एकट्यापुरतं मागवलं की हे सगळं मिळून नाकापेक्षा मोती जड. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर फोन करून सांगा आणि स्वतः घेऊन या. काही ठिकाणी त्यावर वेगळी सूटही मिळते, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

कूपनचं गणित असं. '६० टक्के सूट, कमाल १२०'. तुमची ऑर्डर ६००ची. ६० टक्के म्हणजे ३६० वाटतात, मिळतात १२०, म्हणजे २० टक्के. त्यावर वेगवेगळे आकार मिळून ९० लागले तर भरायचे ५७०. खरी सूट ५ टक्के! आणि किमान ऑर्डर गाठायला एखादा गोड पदार्थ उगाच घातला असेल तर तीही नाही. महिन्याची वर्गणी घ्यायची की नाही हे तुमच्या पंधरा दिवसांच्या कागदावरून ठरवा. महिन्याला चार पार्सलं असतील तर चार वेळचा पोहोचवण्याचा आकार वर्गणीपेक्षा जास्त होतो का ते बघा. वर्गणी घेतली की 'वसूल करायला' ऑर्डरी वाढतात, हा माझा स्वतःचा अनुभव. मी ती बंद केली.

जेवणाची गर्दी संपताना उरलेलं अन्न कमी दरात देणारी दुकानं असतात. हेच काम अॅपवरून करणारी 'टू गुड टू गो'सारखी सेवा २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पसरली. पिशवीत काय येईल ते आधी कळत नाही. ठरावीकच खाणाऱ्यांनी यात पडू नये. बेकरीची पिशवी मात्र सहसा वाया जात नाही, कारण पाव गोठतो.

आणि पार्सलचा वार आधीच ठरवून टाका, तुमच्या कागदावरच्या सगळ्यात दमलेल्या संध्याकाळी. ठरवलेलं पार्सल भूक अनावर व्हायच्या आधी मागवलं जातं, म्हणून लहान मागवलं जातं. माझं बुधवारी असतं. एक मुख्य पदार्थ, घरचा भात, आणि जे उरेल ते त्याच रात्री छोट्या डब्यात, फ्रीझरमध्ये. वाटीभर उरलेला रस्सा दोन आठवड्यांनी हरभऱ्यांत घातला की आयतं जेवण होतं. आत्ता माझ्या फ्रीझरमध्ये असे दोन डबे आहेत. एकावर नाव आणि तारीख आहे, दुसरा नुसताच तपकिरी आहे. आज मंगळवार, तोच उघडून बघतो.